सरासरी सरकली की पसारा वाढला? हाताने भरलेल्या काडतुसांच्या बिघडलेल्या ग्रुपचं एक प्रकरण

तक्रार अशी होती. .308 विंचेस्टरची बोल्ट-ॲक्शन रायफल, 168 ग्रेन वजनाची मॅच (स्पर्धेच्या दर्जाची) गोळी, काडतुसं स्वतः भरलेली. 100 मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर त्यांच्या भोकांचा जमाव, 17-18 मिलिमीटरमध्ये बसायचा, तो 26-28 वर गेला. 300 मीटरवर तर ग्रुपचा आकारच बदलला. रुंदी पूर्वीसारखीच, 5 सेंटीमीटरच्या आसपास, पण उंची 10. शिवाय अख्खा ग्रुप थोडा खाली उतरलेला.

रायफल माझ्या मित्राची. तो परवान्याने, सगळे नियम पाळून बरीच वर्षं काडतुसं भरतो, नोंदवही नीट ठेवतो आणि त्याचा हातही स्थिर आहे. निदान त्याने आधीच करून ठेवलं होतं. "अरे, पावडरचा नवा डबा उघडला आणि तिथून सगळं फिस्कटलं. लॉटच खराब आहे."

ग्रुप खाली का आला, याचं उत्तर त्यात होतं. पसरला का, याचं नव्हतं. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे वेगळं काढल्याशिवाय हे प्रकरण सुटलं नसतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. गोळ्यांच्या जमावाचा मध्य हलला तर कारण बहुतेक वेळा असं असतं, जे प्रत्येक काडतुसाला सारखंच लागू होतं: पावडरचा लॉट (एकाच वेळी बनलेला साठा), हवेचं तापमान, स्कोपचा झिरो (दुर्बिणीचा नेम जिथे जुळवलाय ती जागा). पसारा वाढला तर कारण असं शोधायचं, जे एका काडतुसात एक आणि दुसऱ्यात दुसरं असतं. डब्यातली पावडर नीट मिसळलेली असेल तर ती सगळ्या काडतुसांत सारखीच जाते. ती सगळ्यांचा वेग मिळून कमी-जास्त करेल, पण एकीला वर आणि दुसरीला खाली पाठवणार नाही.

आधी हे ठरवलं की खरंच काही बिघडलंय का. हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. तीन गोळ्यांचे दोन ग्रुप मोठे आले की रिलोडिंगच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या, टेबलावर उलथापालथ सुरू होते. एकाच रायफलचे, एकाच भरणीचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट येऊ शकतात. गोळ्यांची संख्या वाढली की ग्रुप मोठा दिसणारच: पाच गोळ्यांचा सरासरी ग्रुप 1 धरला, तर त्याच रायफलचा तीन गोळ्यांचा 0.8 च्या आसपास येतो आणि दहा गोळ्यांचा 1.25 च्या. त्यामुळे जुने तीनचे ग्रुप आणि नवे पाचचे ग्रुप शेजारी ठेवून रडण्यात अर्थ नाही. सुदैवाने मित्राच्या वहीत जुने-नवे दोन्ही पाच-पाचचेच होते, आणि भरपूर होते. जुन्या टार्गेटवर उंची आणि रुंदी सारखी होती. नव्यांवर उंचीच वाढलेली, आणि ती एकूणएक टार्गेटवर. हा योगायोग नव्हता.

रायफल निर्दोष कशी ठरली

त्याच्याकडे कंपनीच्या मॅच काडतुसांचा एक लॉट राखून ठेवलेला होता. रायफल नवी असताना त्याच लॉटवर त्याने ग्रुप घेतले होते, साधारण 20-22 मिलिमीटर. ही सवय मला फार मोलाची वाटते. रिलोडिंग करणाऱ्या प्रत्येकाने एकाच लॉटची थोडी काडतुसं मोजमापाची पट्टी म्हणून बाजूला ठेवावीत आणि त्यांना सरावात हात लावू नये.

स्टॉकचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासले, स्कोपच्या रिंगा आणि बेस पाहिले, बॅरल आणि स्टॉकच्या फटीतून कागद सरकवून पाहिला. सगळं जागेवर होतं. मग ती राखीव काडतुसं मारली. ग्रुप जुन्या नोंदीशी जुळला. म्हणजे रायफल, स्कोप, नेम धरणारा आणि रेंजवरचा वारा, चौघेही एका फटक्यात बाजूला झाले. पॅरलॅक्स वगैरेच्या चर्चेत आणखी एक दिवस घालवण्याची गरज उरली नाही.

एक शंका मात्र ठेवली. चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढच्या टोकाला, पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचं, तोंड संपतं तिथे, जळक्या कार्बनचं कडक कडं जमू शकतं. पुंगळी ट्रिम न केल्याने (कापून मापात न आणल्याने) लांबली असेल तर तिचं तोंड त्या कड्यात चिमटलं जातं, गोळी सुटायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. कंपनीची पुंगळी आखूड असते, त्यामुळे तिच्यावर हा दोष दिसेलच असं नाही. म्हणून बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत पाहायचं यंत्र, घालून पाहिलं. हलका थर होता, कडं नव्हतं. पुंगळ्यांची लांबीही 51.18 मिलिमीटरच्या कमाल मर्यादेच्या बऱ्यापैकी आत होती.

पुढचा पुरावा त्याच्याच डब्यात सापडला. आधीच्या खेपेत भरलेली काही काडतुसं शिल्लक होती. ती मारली तर ग्रुप जुन्यासारखा, उंची-रुंदी सारखी. म्हणजे दोष हाताने भरलेल्या काडतुसांतच होता, आणि या दोन खेपांच्या मधे कुठेतरी शिरला होता.

काय काय बदललं होतं

"दोन खेपांत काय बदललं?" असं विचारलं की माणूस नवीन विकत घेतलेली वस्तू सांगतो. मित्रानेही पावडरच सांगितली. मी प्रश्न बदलला. पुंगळी रेंजवरून घरी आली, तिथपासून काडतूस डब्यात जाईपर्यंत काय काय करतोस, एकेक पायरी सांग. ऐकता ऐकता चार बदल निघाले. पावडरचा लॉट नवा. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) त्याच प्रकारचे, पण लॉट नवा. पुंगळ्या त्याच, पण आता आठव्या-नवव्यांदा भरलेल्या. आणि पुंगळ्या साफ करायची पद्धत. पूर्वी तो मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवायचा. आता पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिनांचा ड्रम आणला होता. पुंगळ्या आतून-बाहेरून नव्या दागिन्यासारख्या चमकत होत्या. ही गोष्ट बिघाडाशी जोडण्याजोगी आहे असं त्याला वाटलंच नव्हतं, कारण त्याच्या मते ती सुधारणा होती.

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावला. रडारवाला, नळीला लटकवायचा नव्हे. नळीवर वजन टांगलं की तिचं थरथरणं बदलतं, मध्य सरकतो, आणि आपण शोधतोय तोच ग्रुप आपण हलवून ठेवतो. वेग मोजताना गोळ्यांची संख्या हा दुसरा सापळा. पाच गोळ्यांवर वेगाचं प्रमाण विचलन (वेग सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातो तो आकडा) 8 मीटर प्रति सेकंद आलं, तर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा आकडा 5 ते 23 मध्ये कुठेतरी आहे. वीस गोळ्यांवर तेच 8 आलं तर पट्टा 6 ते 12 इतका आवळतो. पाच गोळ्यांच्या आकड्यावर लोक भरणी निवडतात, बदलतात, एकमेकांना शिफारसही करतात. तो आकडा एवढं ओझं पेलू शकत नाही.

चाचणी अशी आखली. जुन्या लॉटची थोडी पावडर शिल्लक होती, आणि एकदाच उडवलेल्या, भुशात साफ केलेल्या ताज्या पुंगळ्याही होत्या. त्यातून चार जोड्या केल्या: जुनी पावडर जुन्या पुंगळीत, जुनी पावडर ताज्या पुंगळीत, नवी पावडर जुन्या पुंगळीत, नवी पावडर ताज्या पुंगळीत. प्रायमर चारही जोड्यांत नव्या लॉटचेच, म्हणजे तो प्रश्न वेगळा राहिला आणि ताज्या पुंगळीतला पसारा पाहून त्याचंही उत्तर मिळणार होतं. प्रत्येक जोडीच्या दहा गोळ्या, पण सलग नाहीत. प्रत्येक जोडीची एक-एक गोळी, चार वेगळ्या टार्गेटांवर, मग पुन्हा पहिल्यापासून. सलग दहा-दहा मारल्या असत्या तर शेवटच्या जोडीच्या वाट्याला तापलेली, मळलेली नळी आणि थकलेला खांदा आला असता, आणि दोष विनाकारण तिच्या माथी बसला असता. फेरीने मारल्यावर ऊन, वारा, मळ सगळं चौघांत सारखं वाटलं जातं. काडतूस चेंबरमध्ये घालून नेम धरत बसायचं नाही हेही ठरवलं. तापलेल्या चेंबरमध्ये पावडर गरम होते आणि वेग वाढतो.

निकालात संदिग्ध असं काही नव्हतं. नव्या पावडरने सरासरी वेग 9-10 मीटर प्रति सेकंद कमी दिला, दोन्ही प्रकारच्या पुंगळ्यांत जवळपास सारखाच. ग्रुप खाली येण्याचं कारण हे. ताज्या पुंगळ्यांत मात्र प्रमाण विचलन दोन्ही पावडरींना 5 च्या जवळ राहिलं, आणि जुन्या पुंगळ्यांत दोन्ही पावडरींना 12-13. पसाऱ्याच्या आरोपातून पावडर सुटली. प्रायमरही सुटला, कारण ताज्या पुंगळीत तोच प्रायमर व्यवस्थित चालला होता.

आता उंचीचा हिशेब. ही गोळी साधारण 800 मीटर प्रति सेकंदाने निघते. दोन गोळ्यांच्या वेगात 15 मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर 100 मीटरवर त्यांच्यात जेमतेम 3 मिलिमीटर अंतर पडतं, 300 मीटरवर सुमारे 3 सेंटीमीटर, आणि 600 मीटरवर 12 सेंटीमीटरच्या पुढे. म्हणूनच वेगाचा पसारा 100 मीटरवर लपून बसतो आणि लांब गेल्यावर उंचीच्या रूपात बाहेर पडतो. पण इथे 100 मीटरवरही ग्रुप 9-10 मिलिमीटरने वाढला होता, आणि एवढी वाढ निव्वळ वेगाच्या फरकाने होत नाही. माझ्या मते उरलेला भाग नळीच्या थरथरीचा. गोळी कधी लवकर, कधी उशिरा सुटली की ती नळीच्या तोंडाशी पोहोचते तेव्हा तोंड दर वेळी वेगळ्या जागी असतं. त्यामुळे जी पकड गोळीला सोडते, तिच्याकडेच बोट जात होतं: पुंगळीच्या नेककडे, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या मानेकडे.

नेक जवळून पाहताना

मित्राला म्हटलं, "माझ्यासमोर गोळ्या बसव, आणि हँडल दाबताना बोलू नकोस." प्रेसच्या (गोळी दाबून बसवायच्या यंत्राच्या) हँडलवर माझाही हात ठेवला. पहिली गोळी तुपात बोट जावं तशी गेली. दुसरी अर्ध्यात अडली आणि कचकन एक खरखर देऊन बसली. तिसरी पुन्हा अलगद. चौथीला तर हँडल जोर लावून खाली न्यावं लागलं. एकच डाय (प्रेसमधला साचा), त्याच पुंगळ्या, त्याच गोळ्या. जी अडखळली ती मार्करने लाल, जी घसरली ती निळी, अशा खुणा करून वेगळ्या ठेवल्या.

काही लाल काडतुसं ओढून पुन्हा सुटी केली. गोळीच्या तांब्याच्या सालीवर एका बाजूने लांब, चकचकीत ओरखडा होता आणि नेकच्या तोंडाशी तांब्याचा केसासारखा बारीक कीस. भिंगाखाली पुंगळीचं तोंड पाहिलं तेव्हा कारण कळलं. कड आतल्या बाजूला किंचित वळलेली, बोथट, जणू कोणी हलक्या हातोडीने सगळीकडून ठोकलेली. ड्रममध्ये पुंगळ्या तासन् तास एकमेकींवर आणि पिनांवर आपटतात, आणि तोंडाची पातळ कड चेपत जाते. मित्र ट्रिम करून तोंडाला आतून-बाहेरून चँफर देत होता, म्हणजे कड तिरकी घासून घेत होता, अगदी मनापासून, पण ड्रममध्ये टाकण्याच्या आधी. ड्रम ते काम पुसून टाकत होता.

दुसरी गोष्टही ड्रमनेच केली होती. भुशात घोळवलेल्या पुंगळीच्या नेकमध्ये आतून कार्बनचा पातळ, काळपट थर राहतो. तो बघायला घाण दिसतो, पण गोळीला तो वंगणासारखा असतो. पिनांनी तो खरवडून काढला. आता कोरडं, नागडं पितळ कोरड्या तांब्यावर घासत होतं, आणि दोन स्वच्छ धातू असे घासले की कधी सरकतात, कधी एकमेकांना धरतात.

तिसरी गोष्ट ड्रमची नव्हती, वयाची होती. पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. दर वेळी गोळी सुटताना नेक फुगतो, साइझिंगच्या डायमध्ये दाबून मापात आणला जातो, एक्स्पांडरवरून (आतून रुंद करणाऱ्या गोळ्यावरून) पुन्हा ताणला जातो. अशा प्रत्येक खेपेने पितळ कडक होत जातं. कडक पितळ डायमधून बाहेर आलं की थोडं परत उघडतं, आणि किती उघडेल ते पुंगळीगणिक वेगळं. मायक्रोमीटरने साइझ केलेल्या नेकचा बाहेरचा व्यास मोजला. ताज्या पुंगळ्यांत फरक 0.01 मिलिमीटरच्या आत, जुन्यांत 0.03 पर्यंत. नेकची पकड, म्हणजे गोळीपेक्षा नेक जेवढा लहान ठेवायचा तो फरक, मुळात 0.05 मिलिमीटर धरला होता. त्यात 0.03 ची अनिश्चितता म्हणजे निम्म्याहून जास्त.

लाल आणि निळी काडतुसं क्रोनोग्राफवरून वेगवेगळी मारली. सगळ्यात मंद गोळ्या निळ्यांत निघाल्या, सगळ्यात वेगवान लालांत. हातालाच आधी कळलेली गोष्ट यंत्राने आकड्यांत सांगितली. गोळी बसवताना हँडलवरची जाणीव हे रिलोडिंगमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित मापन आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

दुरुस्ती, एकेक करून

तिन्ही उपाय एकदम केले असते तर ग्रुप सुधारला असता, पण कशाने ते कळलं नसतं. म्हणून आधी फक्त चँफर ड्रमनंतर दिलं. खरखर आणि ओरखडे थांबले, वेगाचा पसारा मात्र थोडाच कमी झाला. मग नेकमध्ये आतून कोरड्या ग्राफाइटचा हात फिरवला. बसवणं सगळीकडे सारखं वाटू लागलं आणि प्रमाण विचलन 9 च्या आसपास आलं. उरलेलं काम ॲनीलिंगने झालं.

ॲनीलिंग म्हणजे नेक आणि खांदा (नेकखालचा उतार) तापवून पितळाचा कडकपणा उतरवणं. पुंगळी फिरवत, काही सेकंदच, मंद उजेडात रंग बदलू लागेपर्यंत. नेक लाल तापवायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुडाकडे उष्णता जाऊ द्यायची नाही. या काडतुसाचा कमाल दाब 4150 बार आहे, आणि तो पेलण्यात पुंगळीच्या बुडाचा वाटा मोठा. बूड मऊ पडलं तर पुंगळी फाटून तप्त वायू थेट तोंडावर येऊ शकतो. हात बसलेला नसेल तर आधी टाकाऊ पुंगळ्यांवर शिकावं आणि तापमानदर्शक रंग लावून उष्णता कुठवर उतरते ते पाहावं.

पितळातला ताण हा जुना शत्रू आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली की नुसती पडल्या पडल्या तडकायची. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळात अडकलेला ताण, असं ते त्रिकूट होतं. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. अनेक लष्करी पुंगळ्यांच्या नेकवर आजही जो निळसर-तपकिरी डाग दिसतो तो ॲनीलिंगचाच. म्हणून मित्राच्या टेबलावरची पितळ चमकवायची अमोनियायुक्त पॉलिशची बाटली मी त्याच दिवशी बाजूला करायला लावली. या प्रकरणात तिचा दोष नव्हता, पण पुंगळ्यांजवळ तिला जागा नाही.

ॲनीलिंगनंतर नेकच्या व्यासातला फरक पुन्हा 0.01 वर आला, प्रमाण विचलन 5-6 वर. सगळ्या जुन्या पुंगळ्या वाचल्या मात्र नाहीत. आठ-नऊ वेळा वापरलेल्या पुंगळीच्या आत वाकवलेल्या तारेचं टोक बुडापासून वर ओढत न्यायचं. कुठे खाच लागली तर तिथे भिंत पातळ होऊन पुंगळी तुटायच्या बेतात आहे. काहींना खाच लागली, काहींचे प्रायमर बसवताना अगदी सैल गेले. त्या सगळ्या चेपून भंगारात टाकल्या. त्यांना ॲनीलिंगचा उपयोग नाही. मऊ नेक सैल बुडाला घट्ट करत नाही.

पावडरच्या नव्या लॉटचं काम शेवटी घेतलं. 9-10 मीटर प्रति सेकंद परत मिळवायला थेट जुन्या वजनात भर घालायची नाही. लॉट बदलला की भरणी खालून सुरू करायची, टप्प्याटप्प्याने वर यायचं, आणि पुस्तकातल्या कमाल मर्यादेच्या आत थांबायचं. या वेळी लॉट मंद निघाला, पुढच्या वेळी वेगवान निघू शकतो, आणि तेव्हा जुनंच वजन धोक्याचं ठरेल. त्याने तसंच केलं, आणि जुन्या वेगाच्या जवळ एक शांत जागा, म्हणजे ग्रुप स्थिर ठेवणारं भरणीचं वजन, सापडली. 300 मीटरवर ग्रुपची उंची 10 वरून 6 सेंटीमीटरवर आली, मध्य पूर्वीच्या जागी.

पूर्वीचे 5 सेंटीमीटर पुन्हा का आले नाहीत, हा प्रश्न उघडा आहे. गोळी रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकते ती जागा मोजली तर शेवटच्या नोंदीपेक्षा 0.2 मिलिमीटर पुढे गेलेली आहे. थ्रोट (रायफलिंग सुरू होण्याआधीचा नळीचा भाग) झिजतोय, म्हणजे गोळीला रायफलिंग गाठायला थोडी लांब उडी मारावी लागतेय. गोळी तेवढी बाहेर बसवून पाहायची आहे, मॅगझिनमध्ये काडतूस मावेल आणि गोळी रायफलिंगमध्ये रुतणार नाही एवढी सांभाळून. पण आत्ता नाही. आधी नव्या क्रमाने, म्हणजे ड्रम, ॲनीलिंग, साइझिंग, ट्रिम, चँफर आणि शेवटी ग्राफाइट, अशी एक अख्खी खेप भरून होऊ दे आणि तिचे वेग वहीत उतरू देत. 0.2 मिलिमीटरची चाचणी त्याच्या पुढच्या खेपेला, तशीच फेरीने, दहा-दहा गोळ्यांची.